न आलेल्या रुग्णांचा इतिहास : कोविड महासाथ आणि भारतातील कर्करोगोपचार (२०२०-२१)

प्रास्ताविक

रुग्णालयाच्या नोंदवहीत आलेल्या रुग्णाची नोंद होते. न आलेल्याची होत नाही. ही गोष्ट उघड आहे, तरी साथींचा इतिहास लिहिताना तिचे भान राहतेच असे नाही. १८९६ चा मुंबईतील प्लेग असो वा १९१८ चा इन्फ्लुएंझा, त्यांचा इतिहास आपण प्रामुख्याने त्या त्या रोगाने बाधित व मृत झालेल्यांच्या आकड्यांवरून सांगत आलो. प्लेगच्या वर्षी ज्यांना प्लेग झाला नव्हता, परंतु दुसरी एखादी जीवघेणी व्याधी होती, त्यांचे काय झाले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. आणि विचारला तरी उत्तर देण्याजोगी साधने त्या काळातून आपल्या हाती फारशी आलेली नाहीत.

कोविड-१९ च्या बाबतीत परिस्थिती वेगळी आहे. कर्करोगाची पद्धतशीर मोजणी करण्याची परंपरा आपल्याकडे साठ वर्षांहून अधिक जुनी आहे. इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली मुंबईत लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणी सुरू केली, तर १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण नोंदणी उभी राहिली. २०१२ साली देशभरातील कर्करोग रुग्णालयांना जोडणारी 'नॅशनल कॅन्सर ग्रिड' स्थापन झाली. त्यामुळे २०२० च्या उन्हाळ्यात किती रुग्ण उपचारांपर्यंत पोहोचले नाहीत, याचा निदान अंदाज तरी आकड्यांत बांधता येतो. त्या अनुपस्थितीचा आणि तिच्याशी झुंजणाऱ्या डॉक्टरांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. विवेचनाचा केंद्रबिंदू मुंबईतील परळचे टाटा स्मारक रुग्णालय हा आहे. ते देशातील एक मोठे कर्करोग केंद्र आहे म्हणून त्याची निवड केली आहेच. परंतु या रुग्णालयाने एक निर्णय घेतला आणि त्या निर्णयाचे परिणाम आकड्यांसह प्रसिद्धही केले, हे त्याहून महत्त्वाचे कारण होय.

परळ

परळच्या भूमीला साथींचा इतिहास नवा नाही. येथील जुन्या गव्हर्नर निवासात १८८२ साली गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नीचे पटकीने निधन झाले. पुढे गव्हर्नरांनी परळ सोडून मलबार पॉइंटला मुक्काम हलविला. त्याच रिकाम्या वास्तूत १८९९ साली वाल्देमार हाफकिन यांची प्लेग संशोधन प्रयोगशाळा आली. १९२६ साली केईएम रुग्णालय सुरू झाले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी, सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पुढाकाराने, टाटा स्मारक रुग्णालयाचे उद्घाटन झाले. दोराबजींच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या होत्या. १९६२ पासून ही संस्था केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे.

आणखी एक घटना येथे नोंदविणे आवश्यक आहे. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडवरील साथरोग रुग्णालयावर हल्ला केला. रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही, ही समजूत त्या रोषामागे होती. वसाहतकालीन अधिकाऱ्यांनी तिची गणना अडाणीपणात केली. २०२० साली शिकलेसवरलेले, मध्यमवर्गीय रुग्णही रुग्णालयाची पायरी चढण्यास घाबरले, तेव्हा त्या समजुतीकडे पुन्हा एकदा सहानुभूतीने पाहावे असे वाटू लागते. रुग्णालय हे संसर्गाचे घर आहे ही भीती दोन्ही वेळी निराधार नव्हती.

एका विशेषणाचे परिणाम

२० मार्च २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने रुग्णालयांना सूचना केली की, अत्यावश्यक नसलेल्या 'इलेक्टिव्ह' शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्यात. जगभर अशाच सूचना दिल्या जात होत्या आणि खाटा, प्राणवायू, मनुष्यबळ राखून ठेवण्यासाठी त्या गरजेच्याही होत्या. अडचण त्या विशेषणात होती. शल्यचिकित्सेच्या परिभाषेत 'इलेक्टिव्ह' म्हणजे दिवस आधी ठरवून केलेली शस्त्रक्रिया. अपघात किंवा आतड्याला पीळ पडणे यांसारख्या तत्काळ करावयाच्या शस्त्रक्रियांपासून ती वेगळी. मराठी वृत्तपत्रांनी तिला कधी 'नियोजित' म्हटले, कधी 'तातडीची नसलेली'. पहिला शब्द अचूक आहे, दुसरा नाही. गालाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया नियोजित असते. ती आज रात्री झाली नाही म्हणून रुग्ण उद्या सकाळी दगावत नाही. परंतु ती दोन महिने झाली नाही तर गाठ जबड्याच्या हाडात शिरते आणि जी शस्त्रक्रिया शक्य होती ती कदाचित अशक्य होते. नोव्हेंबर २०२० मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये सात प्रकारच्या कर्करोगांवरील चौतीस अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेला चार आठवड्यांचा विलंब झाल्यास मृत्यूची जोखीम सुमारे ६ ते ८ टक्क्यांनी वाढते, असे त्यात आढळले. मार्चमध्ये परिपत्रके काढणाऱ्यांसमोर हा आढावा अर्थातच नव्हता. तरी विलंबाने नुकसान होते हे कोणत्याही कर्करोगतज्ज्ञाला ठाऊक होते.

त्यांच्यासमोर होते ते वेगळेच. फेब्रुवारी २०२० मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त चीनमधील एक अहवाल आला. कोविडच्या १,५९० रुग्णांपैकी १८ जणांना कर्करोग होता वा पूर्वी झालेला होता. त्यांच्यापैकी ३९ टक्के गंभीर झाले, इतरांमध्ये हे प्रमाण ८ टक्के होते. कर्करोगाच्या रुग्णाला कोविड झाल्यास धोका अधिक, म्हणून शक्य तेथे उपचार लांबवावेत, असा बोध या अहवालातून घेतला गेला. मूळ निबंध बारकाईने वाचला तर हा आधार किती क्षीण होता ते कळते. उपचारांची माहिती उपलब्ध असलेल्या सोळा जणांपैकी बारा जण पूर्वीच शस्त्रक्रिया होऊन केवळ नियमित तपासणीवर असलेले होते. गेल्या महिनाभरात रसायनोपचार किंवा शस्त्रक्रिया झालेले फक्त चार. चार माणसांवरून जगातील लाखो रुग्णांच्या उपचारांविषयी अनुमान काढणे कठीण आहे. मे महिन्याच्या अखेरीस 'लॅन्सेट'मध्ये ब्रिटनमधील ८०० रुग्णांचा अभ्यास आला. वय, लिंग व सहव्याधी विचारात घेतल्यावर, आधीच्या चार आठवड्यांत घेतलेल्या रसायनोपचारांचा मृत्यूच्या जोखमीवर लक्षणीय परिणाम त्यात दिसला नाही. तोपर्यंत दोन महिने निघून गेले होते.

या प्रकरणात कोणाला दोष द्यावा असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. अज्ञानात निर्णय घ्यावा लागणे हा साथीचा स्वभावच आहे. मात्र संकटकाळी अपुऱ्या पुराव्यातील एक विशिष्ट आकडाच का उचलला जातो आणि दुसरा का मागे पडतो, हा इतिहासाचा प्रश्न आहे. कोविडच्या मृत्यूंचे आकडे रोज संध्याकाळी जाहीर होत होते. कर्करोगाने भारतात वर्षाला सुमारे ७.८ लाख, म्हणजे दिवसाला दोन हजारांहून अधिक मृत्यू होतात, असा २०१८ चा जागतिक अंदाज तेव्हा उपलब्ध होता. पण तो रोज संध्याकाळी कोणी वाचून दाखवीत नव्हते.

परळचा निर्णय

या पार्श्वभूमीवर टाटा स्मारक रुग्णालयाने उपचार चालू ठेवण्याचे ठरविले. २८ एप्रिल २०२० रोजी डॉ. सी. एस. प्रमेश व डॉ. राजेंद्र बडवे यांचे महासाथीच्या काळातील भारतातील कर्करोगोपचारांविषयीचे पत्र 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाले. पाठोपाठ डॉ. शैलेश श्रीखंडे व सहकाऱ्यांनी 'ॲनल्स ऑफ सर्जरी'त आकडेवारी मांडली. २३ मार्च ते ३० एप्रिल या काळात, म्हणजे लोकल गाड्या बंद आणि शहर ठप्प असताना, येथे ४९४ नियोजित कर्करोग शस्त्रक्रिया झाल्या. त्यांपैकी ४२३ गुंतागुंतीच्या वरच्या श्रेणीतील होत्या. शस्त्रक्रियेपूर्वी कोविड चाचणी झालेले रुग्ण अवघे ११७. उरलेल्या ३७७ जणांची चाचणी झालेली नव्हती. शस्त्रक्रियेनंतर २६ जणांची चाचणी करावी लागली, त्यांत सहा बाधित निघाले आणि सहाही बरे झाले. शस्त्रक्रियोत्तर मृत्यू एकही झाला नाही.

हे आकडे प्रभावी आहेत; परंतु ते सावधपणे वाचले पाहिजेत. या रुग्णांचे मध्यक वय ४८ होते, साठीपुढील केवळ १३ टक्के होते आणि दोनतृतीयांशाहून अधिक जणांना अन्य कोणतीही व्याधी नव्हती. याचा अर्थ निवड झाली होती. वृद्ध, मधुमेही, हृदयविकारी रुग्णांपैकी अनेकांना एकतर थांबविले गेले असावे किंवा ते स्वतःच आले नसावेत. शून्य मृत्यू हा निष्कर्ष शस्त्रक्रियागृहाच्या दारापर्यंत पोहोचलेल्यांपुरता खरा आहे. तथापि, सर्व काही बंद ठेवणे हाच एकमेव सुरक्षित मार्ग आहे, हे गृहीतक त्याने मोडीत काढले. त्यावेळच्या वातावरणात हे सांगण्यास धैर्य लागत होते.

उपचारांची रूपेही बदलली. घसा वा तोंडाच्या कर्करोगासाठी किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे चालतात. ते मध्येच सोडता येत नाहीत. स्तनाच्या कर्करोगात मात्र तीन आठवड्यांच्या पंधरा मात्रांऐवजी एका आठवड्यात पाच मात्रा पुरेशा ठरतात, असे दाखविणारा ब्रिटनमधील अभ्यास एप्रिल २०२० मध्येच प्रसिद्ध झाला आणि तेथे तो तातडीने अमलात आला. टाटा स्मारक रुग्णालयातील, महासाथीपूर्वी सुरू झालेला एक अभ्यासही त्याच वर्षी प्रकाशित झाला. डोके व मान यांच्या पुढच्या अवस्थेतील कर्करोगात शिरेतून देण्याच्या सिसप्लॅटिनच्या तुलनेत मेथोट्रेक्सेट व सेलेकॉक्सिब या स्वस्त गोळ्यांनी रुग्ण काहीसे अधिक जगले. मध्यक आयुर्मान ७.५ विरुद्ध ६.१ महिने असे होते. फरक लहान आहे. पण ज्याला गावाहून परळला यायला गाडीच नाही, त्याच्या दृष्टीने घरी घेता येणारी गोळी आणि रुग्णालयात घ्यावे लागणारे सलाईन यांतील अंतर फार मोठे होते.

साठ हजार

नॅशनल कॅन्सर ग्रिडमधील ४१ केंद्रांनी १ मार्च ते ३१ मे २०२० या तीन महिन्यांची तुलना २०१९ च्या त्याच तीन महिन्यांशी केली. हा अभ्यास २०२१ साली 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त प्रकाशित झाला. नव्या रुग्णांची नोंदणी १,१२,२७० वरून ५१,७६० वर आली. घट ५४ टक्क्यांची. माणसांत सांगायचे तर साठ हजार पाचशे दहा. मोठ्या शस्त्रक्रिया १७,१२० वरून ८,६७७ झाल्या. बाह्यरुग्ण रसायनोपचार ३७ टक्क्यांनी, विकृतिशास्त्रीय चाचण्या ३८ टक्क्यांनी घटल्या. किरणोपचारांतील घट सर्वांत कमी, २३ टक्के. मध्येच न सोडता येण्याचा वर उल्लेखिलेला गुणधर्म त्यामागे असावा. पूर्वतपासणीचे काम सत्तर टक्क्यांहून अधिक केंद्रांत एकतर पूर्ण थांबले किंवा नेहमीच्या पाव क्षमतेखाली आले.

उपशामक सेवेकडे पाठविलेल्या रुग्णांत २९ टक्क्यांची घट झाली. या आकड्यापाशी थोडे थांबावेसे वाटते. हे रुग्ण बरे होणार नव्हते. त्यांना हवे होते ते वेदनेपासून आराम मिळवून देणारे औषध आणि त्यासाठी एक चिठ्ठी. मॉर्फिन हे कायद्याने नियंत्रित औषध असल्याने ते कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. २५ मार्च २०२० रोजी केंद्र शासनाने दूरवैद्यक सेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि फोनवरून सल्ला देणे रीतसर झाले. पण अंमली औषधे लिहून देण्यास त्यांत मुभा नव्हती. घराघरांतून वेदना सहन करीत संपलेल्या या माणसांची मोजणी कोणत्याही तक्त्यात नाही.

घट मोठ्या शहरांत अधिक, लहान शहरांत कमी, असेही या अभ्यासात दिसले. मोठ्या शहरांत संसर्ग व निर्बंध दोन्ही तीव्र होते, हे एक कारण. दुसरे कारण आपल्या कर्करोग व्यवस्थेच्या रचनेत आहे. परळच्या बाह्यरुग्ण विभागात बिहार, उत्तर प्रदेश, बंगाल, ईशान्य भारत येथील बोली ऐकू येतात. ही मंडळी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत, परळच्या नाना पालकर स्मृती समितीच्या रुग्णसेवा सदनात, आणि जागा न मिळाल्यास पदपथावर राहतात. मार्चच्या चौथ्या आठवड्यात रेल्वे थांबली तेव्हा जे मुंबईत होते ते अडकले आणि जे गावी होते ते तेथेच राहिले. कल्याण-वसईच्या रुग्णासाठीही लोकल बंद म्हणजे रस्ता बंद. १५ जून २०२० पासून लोकल केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाली; सर्वसामान्य प्रवाशाला मर्यादित वेळेत प्रवेश मिळाला तो १ फेब्रुवारी २०२१ रोजी. मोजक्या महानगरांत उपचारांचे केंद्रीकरण करणारी व्यवस्था प्रवासावर उभी असते, ही गोष्ट प्रवास थांबल्यावर उघडी पडली. त्यामानाने बार्शीसारख्या ठिकाणचे कर्करोग रुग्णालय आसपासच्या तालुक्यांतील रुग्णाला दुचाकीवरून तरी गाठता येते.

साठ हजारांतील सर्वच जण कायमचे दुरावले असे नव्हे. अनेक जण पुढे आले असतील, काही जवळच्या लहान रुग्णालयात गेले असतील. परंतु आले ते कोणत्या अवस्थेत आले, हा प्रश्न उरतोच.

डॉक्टर

कर्करोगतज्ज्ञाचे काम दीर्घ ओळखीवर चालते. निदान सांगणे, कुटुंबाला विश्वासात घेणे, उपचार थांबविण्याची वेळ आली की ते समजावून सांगणे, हे सर्व चेहरा पाहून करावयाचे असते. २०२० मध्ये त्या चेहऱ्यावर मुखपट्टी, त्यावर पारदर्शक ढाल, आणि नातेवाइकांना प्रवेश बंद. वाईट बातमी फोनवरून सांगण्याची वेळ अनेकांवर आली.

धोका सर्व शाखांत सारखा नव्हता. भारतात तोंड, जीभ, घसा यांचे कर्करोग विपुल आहेत आणि या रुग्णांची तपासणी मुखपट्टी काढूनच करावी लागते. श्वासनलिकेला छेद देण्याच्या शस्त्रक्रियेत हवेतून संसर्ग पसरण्याची शक्यता मोठी. डोके-मान शल्यचिकित्सक व भूलतज्ज्ञ यांनी अशा शस्त्रक्रिया केल्या, त्याही लस नसताना आणि संरक्षक पोशाखांचा तुटवडा असताना. तो पोशाख घातला की काही तास पाणी पिता येत नसे. घरी परतल्यावर निराळाच अनुभव येई. मार्च २०२० मध्येच दिल्लीतील निवासी डॉक्टरांच्या संघटनेने घरमालक घर रिकामे करण्यास सांगतात, अशी तक्रार केंद्र सरकारकडे केली होती. २२ एप्रिल रोजी आरोग्यकर्मींवरील हिंसा रोखण्यासाठी जो अध्यादेश काढावा लागला, तो १८९७ च्या साथरोग कायद्यात दुरुस्ती करणारा होता. प्लेगच्या वेळी प्रजेविरुद्ध वापरला गेलेला कायदा सव्वाशे वर्षांनी डॉक्टरांना प्रजेपासून वाचविण्यासाठी दुरुस्त व्हावा, यातील विसंगती अभ्यासकांच्या नजरेतून सुटू नये.

युरोपियन सोसायटी फॉर मेडिकल ऑन्कॉलॉजीने १०१ देशांतील १,५२० कर्करोगतज्ज्ञांचे सर्वेक्षण एप्रिल-मे २०२० मध्ये केले. तेव्हा ३८ टक्के जणांनी आपण पूर्णतः थकून गेलो असल्याचे सांगितले. जुलै-ऑगस्टमध्ये पुन्हा विचारले तेव्हा हे प्रमाण ४९ टक्के झाले. पहिली लाट अनेक देशांत ओसरत असताना थकवा वाढला, हे लक्षणीय आहे. थकवा केवळ कामाच्या तासांनी येत नाही. कोणाला आधी बोलवायचे आणि कोणाला थांबायला सांगायचे, ही निवड रोज करावी लागणे, आणि थांबविलेल्या माणसाचा फोन तीन महिन्यांनी येणे, हेही थकविणारे असते.

निवासी डॉक्टरांची स्थिती स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. अनेक शिक्षण रुग्णालयांत शल्यचिकित्सेच्या विद्यार्थ्यांची नेमणूक कोविड कक्षांत झाली. मोठ्या शस्त्रक्रिया निम्म्यावर आल्या म्हणजे शिकण्याच्या संधीही निम्म्यावर आल्या. हे नुकसान पदवीपत्रावर दिसत नाही. आपल्यापैकी ज्यांनी त्या काळात ऑनलाइन वर्ग घेतले त्यांना शिक्षणातील पोकळीची कल्पना आहे, परंतु शस्त्रक्रिया पडद्यावर पाहून हात तयार होत नाही. १८ एप्रिल २०२१ ची वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेश परीक्षा पुढे ढकलली जाऊन ११ सप्टेंबरला झाली आणि प्रवेशप्रक्रिया जानेवारी २०२२ पर्यंत रखडली. त्यामुळे कित्येक महिने निवासी डॉक्टरांच्या तीन तुकड्यांचे काम दोन तुकड्यांनी ओढले. २०२१ च्या अखेरीस ते रस्त्यावर उतरले त्याला ही पार्श्वभूमी होती.

दुसरी लाट आणि त्यानंतर

१६ जानेवारी २०२१ रोजी आरोग्यकर्मींचे लसीकरण सुरू झाले. १ मार्चपासून साठीपुढील सर्व आणि ४५ ते ५९ वयोगटातील सहव्याधीग्रस्त यांना लस खुली झाली. त्या व्याधींच्या यादीत कर्करोग होता. मात्र पस्तिशीतील स्तनाच्या कर्करोगाची रुग्ण किंवा विशीतील रक्ताच्या कर्करोगाचा रुग्ण वयाच्या अटीमुळे बाहेर राहिला. त्यांच्यासाठी दार उघडले १ मे रोजी, आणि तोवर लाट शिखरावर पोहोचली होती. १८ एप्रिल रोजी एकट्या महाराष्ट्रात ६८ हजारांहून अधिक नवे बाधित नोंदले गेले होते. या वेळी सरसकट बंदचे धोरण नव्हते, पण प्राणवायू आणि खाटा यांची टंचाई पहिल्या लाटेहून कितीतरी तीव्र होती, आणि गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियेनंतर लागणारी अतिदक्षता विभागातील खाट मिळेल याची शाश्वती नव्हती.

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. कर्करोगाच्या अभ्यासात हिशेब इतक्या लवकर मिटत नाही. तेथे यशापयश मोजण्याची रूढ पद्धत म्हणजे निदानापासून पाच वर्षे जगलेल्यांचे प्रमाण. मार्च ते मे २०२० मध्ये ज्या ५१,७६० रुग्णांची या केंद्रांत नोंद झाली, त्यांची पाच वर्षे २०२५ च्या उन्हाळ्यात पुरी झाली. ज्यांची नोंद त्या तीन महिन्यांत व्हायला हवी होती आणि झाली नाही, त्यांची पाच वर्षे ज्या दिवशी निदान झाले त्या दिवसापासूनच मोजली जातील. गाठ हाताला लागली तो दिवस आणि केसपेपर निघाला तो दिवस यांमधील काळासाठी नोंदणीच्या अर्जात रकाना नाही.